किंग्ज लिनच्या जुन्या इमारती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफकमध्ये, ग्रेट ऊझ नदी समुद्राला मिळण्याच्या जरा अलीकडे किंग्ज लिन वसलंय. तिथले लोक नुसतं 'लिन' म्हणतात. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी आहे, केंब्रिज आणि इली ओलांडून पावणेदोन तासांच्या आसपास पोचवते. ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळी शनिवार-रविवारची सहल म्हणून जातात, काही जण तिथे घर घ्यायचा विचार करतात, आणि दोघांचेही प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात. फिरणाऱ्यांचे आधी घेतले आहेत, घर घेणाऱ्यांचे नंतर. कायद्याबद्दल लिहिलंय ते इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे.

'लिस्टेड बिल्डिंग' म्हणजे नेमकं काय?

सरकारच्या यादीत नाव असलेली इमारत. यादीत नाव आलं की तिचं ऐतिहासिक किंवा वास्तुशास्त्रीय स्वरूप बदलेल असं कुठलंही काम कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, परवानगीशिवाय करता येत नाही. पाडणं तर दूरच. इमारत मात्र मालकाचीच राहते. तो तिथे राहू शकतो, ती विकू शकतो, भाड्याने देऊ शकतो, दुकान थाटू शकतो. यादीत नाव म्हणजे इमारत सरकारजमा झाली किंवा तिचं म्युझियम झालं, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज असतो. तसं काही नाही. कायद्याचं म्हणणं एवढंच, की हात लावायच्या आधी विचारा.

ग्रेड वन, ग्रेड टू स्टार, ग्रेड टू यांत फरक काय?

महत्त्वाचा. ग्रेड वन म्हणजे असामान्य. देशातल्या सूचीबद्ध इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के. टू स्टार साधारण सहा टक्क्यांच्या आत. उरलेल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती साध्या ग्रेड टू. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: परवानगी तिन्ही ग्रेडना सारखीच लागते. "आमचं काय, ग्रेड टूच आहे" म्हणून परस्पर भिंत पाडणारा माणूस ग्रेड वनवाल्याइतकाच गोत्यात येतो.

लिनचं वैशिष्ट्य असं, की दहा-पंधरा मिनिटांच्या पायपिटीत ग्रेड वन इमारतींची रांगच लागते. मिन्स्टर (गावचं मोठं चर्च), टाउन हॉल, हान्स हाउस, क्लिफ्टन हाउस, कस्टम हाउस, सेंट जॉर्जेस गिल्डहॉल, सेंट निकोलस चॅपल. एवढ्याशा गावाच्या मानाने हे फारच झालं.

एवढ्या जुन्या इमारती इथेच कशा टिकल्या?

थोडं नशीब, बरंचसं व्यापाराचं गणित.

तेराव्या ते सोळाव्या शतकात लिन हे इंग्लंडच्या मोठ्या बंदरांपैकी एक होतं. आतल्या प्रदेशातली लोकर आणि धान्य नद्यांवाटे इथे यायचं आणि बाल्टिक, फ्लँडर्स, नॉर्वेकडे जायचं. परतीच्या जहाजांतून लाकूड, मासे, डांबर, मेण, दारू. गाव मुळात बिशपचं, म्हणून नाव होतं बिशप्स लिन. १२०४ मध्ये जॉन राजाने सनद दिली. १५३७ मध्ये आठव्या हेन्रीने बिशपच्या हातून गाव काढून घेतलं आणि नाव झालं किंग्ज लिन.

व्यापाऱ्यांनी वसवलेल्या गावाची रचनाही व्यापाऱ्याची. रस्त्याला लागून घर आणि पेढी, त्यामागे अंगण, त्यामागे नदीपर्यंत लांबच लांब वखारी. किंग स्ट्रीट, क्वीन स्ट्रीट, नेल्सन स्ट्रीट या ओळीत चालताना उघड्या दरवाजातून आत डोकावलंत की हे आजही दिसतं. समोरचा भाग अठराव्या शतकातला, गुळगुळीत विटांचा, सरळ रेषेतल्या खिडक्यांचा; त्याच्या पाठीमागे मात्र त्याहून दोनतीनशे वर्षं जुनी लाकडी चौकट उभी. श्रीमंती आली की लोक दर्शनी भाग नवा करून घेत, मागचं तसंच ठेवत. पैसा वाचायचा आणि शानही राहायची.

मग १८४६-४७ मध्ये रेल्वे आली. जो माल नदीने यायचा तो रुळांवरून परस्पर जाऊ लागला. बंदर सावरलं ते नव्या गोद्यांमुळे: १८६९ ची अलेक्झांड्रा डॉक आणि १८८३ ची बेंटिंक डॉक. या दोन्ही जुन्या धक्क्याच्या उत्तरेला बांधल्या. इथेच गंमत आहे. बंदराचा कारभार तिकडे सरकला आणि साउथ क्वेवरच्या, म्हणजे जुन्या धक्क्यावरच्या, वखारी पाडून मोठं काही बांधायची कुणाला गरजच उरली नाही. बंदर जुन्या धक्क्यावरच भरभराटीत राहिलं असतं, तर यातलं निम्मंही शिल्लक नसतं असं माझं मत आहे.

हान्स हाउसबद्दल एवढं काय बोलतात?

हान्सा हा जर्मन व्यापारी शहरांचा संघ होता. ल्युबेक, हॅम्बुर्ग, ब्रेमेन, डान्झिग ही त्यातली बडी नावं. पंधराव्या शतकात इंग्लंडशी त्यांचं युद्ध झालं, १४७४ मध्ये उट्रेख्टचा तह झाला, आणि त्या तहाने संघाला लिनमध्ये स्वतःची जागा मिळाली. १४७५ मध्ये उभं राहिलेलं हे संकुल म्हणजे त्यांची वखार, अगदी ज्या अर्थाने आपण सुरतेच्या इंग्रजांची वखार म्हणतो त्या अर्थाने. गोदाम, कचेरी, परदेशी व्यापाऱ्यांची राहायची सोय, सगळं एका कुंपणात. लंडनमध्ये त्यांचं याहून कितीतरी मोठं ठाणं होतं, त्याच्या जागेवर पुढे रेल्वे स्टेशन आलं. हान्सा संघाची इंग्लंडमध्ये शिल्लक राहिलेली इमारत ही एकच.

बाजूच्या अरुंद गल्लीत शिरा आणि मान वर करा. वरचा मजला खालच्या भिंतीच्या पुढे आलेला दिसतो, तुळयांची टोकं बाहेर डोकावताना दिसतात. दोन लांब वखारी नदीकडे धावतात, मध्ये चिंचोळं अंगण. रस्त्याकडचं देखणं जॉर्जियन घर नंतरचं; १७५१ मध्ये जर्मन शहरांनी ही मालमत्ता स्थानिक व्यापाऱ्याला विकली, त्यानंतरचं. पुढे कितीतरी वर्षं इथे सरकारी कचेऱ्या होत्या.

कस्टम हाउसमध्ये पाहण्यासारखं काय आहे?

लिनचं चित्र म्हणून सगळीकडे जी छापतात ती ही इमारत. पर्फ्लीट नावाच्या छोट्या खाडीच्या काठावर, पाण्याला खेटून. वास्तुरचनाकार हेन्री बेल; गावचाच माणूस, दोनदा मेयर झालेला. १६८३ मध्ये त्याने हे बांधलं ते कस्टमसाठी नव्हेच. व्यापाऱ्यांना भेटायला, सौदे करायला ही जागा होती. तळमजल्याला चहूबाजूंनी उघड्या कमानी होत्या. त्या पुढे बंद केल्या, पण कमानींचा आकार भिंतीत स्पष्ट दिसतो, आणि कमानीच्या माथ्याच्या दगडावर कोरलेले मुखवटेही. दाराच्या वर कोनाड्यात दुसरा चार्ल्स राजा उभा आहे. छपराच्या मध्यावर लाकडी मनोरा आहे, तो खाडीवरून येणाऱ्या होड्यांना लांबूनच दिसे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जकात खातं इथे आलं आणि १९८९ पर्यंत राहिलं. म्हणजे ज्या इमारतीकडे आपण 'वारसा' म्हणून बघतो, तिथे अगदी परवापर्यंत माणसं टेबलांवर बसून शिक्के मारत होती. शेजारी कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचा पुतळा आहे, कॅनडातल्या शहराला ज्याचं नाव आहे तो. जन्म इथलाच, १७५७ चा, आणि वडील याच कस्टममध्ये नोकरीला.

फोटो काढायचा असेल तर भरतीच्या वेळी जा. ओहोटीला पर्फ्लीटमध्ये नुसता चिखल असतो.

सेंट जॉर्जेस गिल्डहॉलमध्ये शेक्सपिअरने खरंच काम केलं होतं का?

गावकऱ्यांना विचाराल तर हो. इतिहासकारांना विचाराल तर "शक्य आहे". १५९२-९३ मध्ये लंडनमध्ये प्लेगने नाटकं बंद पडली तेव्हा नटमंडळ्या गावोगाव फिरत होत्या, लिनने त्यांना बिदागी दिल्याच्या नोंदी आहेत. शेक्सपिअर त्यांत होता का, हे सिद्ध करणारा कागद नाही.

सिद्ध आहे ते याहून कमी रोमांचक नाही. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला व्यापाऱ्यांच्या एका गिल्डने, म्हणजे संघाने, बांधलेलं हे सभागृह. १४४५ मध्ये इथे नाटक झाल्याची नोंद आहे. २०२३ मध्ये दुरुस्ती करताना वरची आधुनिक जमीन उचलली तर खाली जाडजूड ओकच्या फळ्या निघाल्या. तज्ज्ञांनी त्यांचा काळ १४१७ ते १४३० च्या दरम्यानचा ठरवला. मधल्या काळात या दालनाने काय नाही पाहिलं! दारूगोळा ठेवला, लोकर साठवली, न्यायालय भरवलं, अठराव्या शतकात आत थिएटर उभारलं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. एका खाजगी खरेदीदाराने ते घेतलं म्हणून वाचलं, आणि १९५१ मध्ये ते नॅशनल ट्रस्टकडे आलं. त्याच वर्षी गावचा कला महोत्सव सुरू झाला.

जॉन राजाचा पेला आणि टाउन हॉल?

टाउन हॉल म्हणजे मुळातला होली ट्रिनिटी गिल्डचा वाडा, १४२० च्या दशकातला. दर्शनी भिंत काळपट गारगोटी आणि पांढऱ्या दगडाच्या चौकोनांची, बुद्धिबळाच्या पटासारखी. जॉन राजाचा पेला इथल्या खजिन्यात आहे. फक्त तो साधारण १३४० चा आहे आणि राजा १२१६ मध्येच वारला. लिनमधून निघाल्यावर त्याचं सामानसुमान 'वॉश' नावाच्या उथळ उपसागराच्या चिखलात बुडालं ही गोष्ट मात्र खरी.

मिन्स्टरच्या दाराशी भिंतीवर रेघा कसल्या आहेत?

पुराच्या. लिनला पाणी नदीवरून येण्यापेक्षा समुद्रावरून उलटं येतं. वादळ आणि मोठी भरती एकत्र आली की उत्तर समुद्राचं पाणी ग्रेट ऊझमध्ये घुसतं. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री असंच झालं, एकट्या लिनमध्ये १५ माणसं गेली. ११ जानेवारी १९७८ ला पाणी त्याहून वर चढलं. ५ डिसेंबर २०१३ ला पुन्हा साउथ क्वे पाण्यात. चर्चच्या पश्चिम दारात उभं राहून आपल्या अंगाशी रेघ लावून बघितली की आकडे सांगायची गरज उरत नाही.

तिथेच वर मनोऱ्यावर एक विलक्षण तबकडी आहे. सतराव्या शतकात टॉमस ट्यू नावाच्या कारागिराने केलेलं हे चंद्राचं घड्याळ. त्यावर आकड्यांऐवजी बारा अक्षरं आहेत, आणि ती जोडून 'लिन हाय टाइड' असं वाचता येतं. हिरव्या ड्रॅगनची जीभ ज्या अक्षराकडे रोखलेली असेल ती पुढच्या भरतीची वेळ. व्यापाऱ्याला किती वाजले याच्याशी कर्तव्य नव्हतं, जहाज कधी सुटेल याच्याशी होतं.

आत गेलात तर चौदाव्या शतकातले पितळी स्मृतिपट चुकवू नका. रॉबर्ट ब्रॉन्च आणि त्याच्या दोन बायका असलेल्या पटाच्या तळाशी मोराच्या मेजवानीचं दृश्य कोरलंय. आणि मधलं दालन बाकीच्या चर्चशी जुळत का नाही असं वाटलं, तर कारण १७४१ चं वादळ. मनोऱ्याचं टोक कोसळून थेट त्यावर पडलं, ते नंतर नव्याने बांधलं.

चर्चलाही परवानगी लागते का?

यादीत चर्चही असतात, पण वापरात असलेल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतींना आतल्या-बाहेरच्या बदलांसाठी कौन्सिलऐवजी स्वतःच्या धर्मप्रांताची परवानगी घ्यावी लागते. तिला 'फॅकल्टी' म्हणतात. ती सोपी असते असं समजू नका.

मंगळवार बाजाराच्या चौकातल्या भिंतीवर बदामाचं चिन्ह आहे ते कशाचं?

१५९० मध्ये चेटकीण ठरवून जाळलेल्या मार्गारेट रीडचं काळीज उडून भिंतीवर आपटलं, अशी दंतकथा. मुलांना सांगायला उत्तम. त्याच चौकातलं ड्यूक्स हेड हॉटेलही हेन्री बेलचंच.

पाडलं काहीच नाही का?

पाडलं, पुष्कळ पाडलं. १९६० च्या दशकात लंडनची जादा वस्ती सामावून घ्यायचा करार लिनने केला. नवी घरं, कारखाने आले आणि गावाच्या मध्यभागी दुकानांसाठी, मोटारींसाठी जुने रस्तेच्या रस्ते साफ झाले. आज मंगळवार बाजार आणि शनिवार बाजार या दोन चौकांच्या मधून नदीकडच्या बाजूने गेलात तर मध्ययुगात असता, आणि दोन गल्ल्या पूर्वेला सरकलात की १९७० च्या काँक्रीटमध्ये. ही सीमा इतकी उघड आहे की नकाशा लागत नाही.

कोळ्यांची वस्तीही अशीच गेली. नॉर्थ एंडला मच्छीमारांची दाट आवारं होती. गलिच्छ वस्ती म्हणून एकेक पाडली. ट्रूज यार्डमध्ये त्यातली दोन चिमुकली घरं उरली आहेत, आता तिथे संग्रहालय आहे. ग्रेड वनच्या रांगेत फोटो काढून परत फिरणाऱ्यांना माझा आग्रह असतो की तिथे जाच. व्यापाऱ्यांची घरं टिकतात, कारण ती पक्की असतात आणि कुणाला तरी हवी असतात. कोळ्यांच्या खोल्यांना यादीत कोण घालणार?

उलट उदाहरण हॅम्प्टन कोर्टचं. नाव ऐकून लंडनचा राजवाडा डोळ्यांपुढे येतो, पण हा नेल्सन स्ट्रीटवरचा व्यापाऱ्याचा चौसोपी वाडा. पश्चिमेची बाजू म्हणजे वखार, तिच्या कमानी एके काळी थेट नदीत उघडायच्या. आता नदी पलीकडे सरकली आहे आणि कमानी कोरड्या जमिनीवर उभ्या आहेत. पन्नाशीच्या दशकात वाडा मोडकळीला आला होता. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या किंग्ज लिन प्रिझर्व्हेशन ट्रस्टने तो टप्प्याटप्प्याने दुरुस्त केला. आत आज लोक राहतात.

यादी ठरवतं कोण? आणि ही पद्धत कधीची?

सल्ला 'हिस्टॉरिक इंग्लंड' या संस्थेचा, शिक्का मंत्र्यांचा. अर्ज कुणीही करू शकतं, मालकच असायला हवा असं नाही. मालकाचं म्हणणं ऐकून घेतात, पण निर्णय इमारतीच्या गुणांवर होतो. मालकाला नकाराचा हक्क नाही. १७०० पूर्वीची, मूळ स्वरूप बऱ्यापैकी शाबूत असलेली इमारत बहुधा यादीत येतेच. १७०० ते १८५० मधल्या बहुतेक येतात. त्यापुढे निवड कडक होत जाते.

पद्धतीचं मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत आहे. बॉम्ब पडलेल्या इमारतींपैकी कुठल्या वाचवायच्या आणि कुठल्या पाडून टाकायच्या हे पटकन ठरवावं लागे, म्हणून वास्तुरचनाकारांनी याद्या केल्या. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी त्याला पक्कं रूप दिलं. आजच्या अर्थाची सक्तीची परवानगी आली १९६८ मध्ये. लिनच्या मध्यभागी काय घडलं ते वर वाचलंतच, तारखा जुळवून बघा. सध्या लागू आहे तो १९९० चा कायदा.

लिनमध्ये जुनं घर स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. यादीत आहे का हे हिस्टॉरिक इंग्लंडच्या ऑनलाइन यादीत पत्ता टाकून फुकट बघता येतं. यादीतलं वर्णन जुनं आणि त्रोटक असतं. "वर्णनात जिन्याचा उल्लेख नाही, म्हणजे जिना बदलला तरी चालेल" हा युक्तिवाद चालत नाही. संरक्षण अख्ख्या इमारतीला असतं, आतून-बाहेरून. इतकंच नव्हे, आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची भिंत, तबेला, शेड हेही सहसा त्यातच येतं.

सर्व्हे करून घ्याल तो जुन्या घरांची माहिती असलेल्या सर्व्हेअरकडून. नेहमीचा सर्व्हेअर ओल मोजायचं यंत्र भिंतीला लावतो, आकडा मोठा आला की रासायनिक इंजेक्शनं सुचवतो. दोन-तीनशे वर्षांच्या विटांच्या भिंतीला ती बहुतेक वेळा नको असतात. विमाही वेगळा काढावा लागतो, कारण तसंच्या तसं पुन्हा बांधायचा खर्च बाजारभावापेक्षा कितीतरी जास्त असू शकतो.

आधीच्या मालकाने विनापरवाना काही केलं असेल तर?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. फौजदारी गुन्हा ज्याने काम केलं त्याचा. पण काम पूर्ववत करून द्या अशी नोटीस कौन्सिल आजच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, देऊ शकतं. त्याला कालमर्यादा नाही. १९९२ मध्ये कुणीतरी काढून टाकलेल्या लाकडी खिडक्या तुमच्या खर्चाने परत बसवायची वेळ येऊ शकते. म्हणून सॉलिसिटरला स्पष्ट सांगा: घरात जे नवं दिसतंय त्या प्रत्येक गोष्टीची परवानगी दाखवा.

परवानगी न घेता काम केलं तर शिक्षा काय?

दोन वर्षांपर्यंत कैद, अमर्याद दंड, किंवा दोन्ही. "माहीत नव्हतं" हा बचाव नाही. दंड ठरवताना त्या कामातून तुमचा किती फायदा झाला हेही बघतात.

परवानगीला फी किती आणि वेळ किती?

लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या अर्जाला फी नाही. निर्णयाची ठरलेली मुदत आठ आठवडे, प्रत्यक्षात कधीकधी जास्त. खरा खर्च नकाशे, अहवाल आणि वास्तुरचनाकाराचा. आणि हो, मंजूर बदलांवर पूर्वी व्हॅट लागत नसे. ती सवलत ऑक्टोबर २०१२ पासून बंद झाली.

डबल ग्लेझिंग बसवता येईल?

प्लास्टिकच्या चौकटींच्या खिडक्या? विसरा. मूळच्या वरखाली सरकणाऱ्या लाकडी खिडक्यांत जुनी, किंचित लहरी काच असेल तर ती काढायला परवानगी मिळणं अवघडच. त्याऐवजी आतून दुसरी पारदर्शक तावदानं बसवतात, त्याला सेकंडरी ग्लेझिंग म्हणतात. थंडी आणि आवाज दोन्ही बऱ्यापैकी अडतात, आणि ते मंजूर होण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्यालाही आधी कौन्सिलच्या कन्झर्वेशन ऑफिसरला विचारा. सोलर पॅनेललाही हेच लागू: मागच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या उतारावर जमू शकतं, विचारल्याशिवाय नाही.

साधी दुरुस्तीसुद्धा विचारून करायची?

जसं होतं तसंच, त्याच मालमसाल्यात, त्याच पद्धतीने केलेल्या किरकोळ दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. कौल फुटलं, तसंच कौल बसवलं. अडचण 'त्याच मालमसाल्यात' या शब्दांत आहे. लिनच्या जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना मऊ असतो, भिंतीतली ओल दरजांमधून बाहेर सोडतो. गवंड्याने घाईत त्या दरजा सिमेंटने भरल्या की ओल कोंडते, मग ती विटेतून वाट काढते. हिवाळ्यात ते पाणी गोठतं, विटेचे पोपडे सुटतात, आणि दहा-वीस वर्षांनी दृश्य असं दिसतं की सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा पुढे आलेल्या आणि विटा झिजून आत गेलेल्या. क्वीन स्ट्रीटच्या आसपास बारकाईने बघितलंत तर असे पट्टे सापडतील. समुद्राचं पाणी अधूनमधून घरात येणाऱ्या गावात तर चुना सोडून दुसरं काही वापरणं म्हणजे ओलीला भाडेकरू म्हणून ठेवून घेणं. चुन्याची भिंत भिजते, पण वाळतेही.

मालकाने घर नुसतं पडू दिलं तर?

घर नीट राखलंच पाहिजे अशी थेट सक्ती कायद्यात नाही, हे ऐकून लोक चकित होतात. पण कौन्सिल सात दिवसांची सूचना देऊन तातडीची कामं स्वतः करवून घेऊ शकतं आणि बिल मालकाला पाठवू शकतं. त्यापुढे दुरुस्तीची नोटीस, आणि शेवटी सक्तीने संपादन. हे अधिकार कागदावर भक्कम आहेत. प्रत्यक्षात पैसा आणि माणसं अपुरी, म्हणून फार क्वचित वापरतात. एखादी रिकामी वखार वाचवायचा खरा उपाय म्हणजे तिला भाडेकरू मिळवून देणं. ग्रेफ्रायर्सचा मनोराच बघा. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने फ्रान्सिस्कन मठ बंद केला, बाकी सगळं उतरवून नेलं, मनोरा तेवढा ठेवला. कारण काय, तर समुद्रावरून येणाऱ्या खलाशांना तो खूण म्हणून लागायचा. कललेला का होईना, अजून उभा आहे.

मुंबईची हेरिटेज यादी यावरूनच घेतली आहे का?

नातं आहे. मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेजचे नियम आले, भारतात शहराच्या पातळीवर पहिल्यांदाच, आणि त्यातली ग्रेडची कल्पना इंग्लंडच्या धर्तीची. पण फरक मोठे आहेत. मुंबईत ग्रेड वन, टू-ए, टू-बी आणि थ्री असे थर, आणि खालच्या ग्रेडला बदलाची मोकळीक जास्त. मुंबईच्या नियमांत मालकाच्या नुकसानभरपाईसाठी टीडीआरची, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची, सोय केली गेली. इंग्लंडमध्ये यादीत नाव आलं म्हणून एक पेनीही मिळत नाही. तिथल्या मालकाची समजूत काढायला बहुधा घराच्या वाढलेल्या किमतीच पुरत असाव्यात.

या इमारती आतून बघता येतात का?

मिन्स्टर आणि सेंट निकोलस चॅपल बहुतेक दिवस खुली असतात. चॅपलमध्ये गेलात तर छताकडे बघा, लाकडात कोरलेले देवदूत पंख पसरून तुळयांना टेकलेले आहेत. क्लिफ्टन हाउस खाजगी घर आहे, वर्षातले मोजकेच दिवस उघडतं. दाराशी पिळाचे खांब, आत तेराव्या शतकातली फरशी, आणि मागे पाच मजली विटांचा मनोरा, जिथून व्यापारी आपल्या जहाजांची वाट बघे. बाकीच्यांसाठी सप्टेंबरातला 'हेरिटेज ओपन डे' गाठा. त्या दिवशी एरवी बंद असलेली दारं फुकट उघडतात, घरमालक स्वतः जिना दाखवतात आणि छपराला किती खर्च आला तेही सांगतात. बूट चिखलाचे असतील तर दाराशी काढा. आपल्याला सवयच असते म्हणा.